एआयओ की कस्टम लूप?

संगणक जुळवणारी मुलं हमखास विचारतात, "सर, एआयओ घेऊ की कस्टम लूप?" माझं मत: बहुतेकांनी एआयओच घ्यावा. पंप, नळ्या, रेडिएटर कारखान्यातूनच द्रव भरून सीलबंद येतात. पंप बिघडला तर बहुधा अख्खा संच बदलावा लागतो, हे खरं. पण कस्टम लूपमध्ये जोडणी आपली, गळती तपासणं आपलं, साधारण वर्षाकाठी द्रव बदलणंही आपलंच. त्यात तांब्यासोबत अ‍ॅल्युमिनियम आलं की गंजाची भीती. ग्राफिक्स कार्डही पाण्यानेच थंड करायचं असेल आणि हाताशी सवड असेल, तरच हा शौक परवडतो. आणि खोलीच 40 अंशांवर असेल, तर दोन्हींपैकी कोणीही प्रोसेसरला त्याखाली नेणार नाही. वडिलांच्या कमाईतून खर्च करणाऱ्यांनी साधा पंख्याचा कूलर घ्यावा, उरलेले पैसे रॅमला लावावेत.