उतारवयातील चेहऱ्याची लाली

साठी उलटलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर लाली दिसू लागली, की तिचे निदान डॉक्टरांच्या आधी घरची आणि शेजारची मंडळी करून मोकळी होतात. कोणी म्हणते पित्त उसळले आहे, कोणी म्हणते रक्तदाब वाढला असेल, कोणी ऊन लागले असे समजून चंदन उगाळायला घेते. आणि नाक लाल झालेला माणूस पुरुष असेल, तर त्याच्या माघारी एक निराळाच संशय कुजबुजला जातो, ज्याचे ओझे मद्याला आयुष्यात कधी स्पर्श न केलेल्या गृहस्थालाही निमूटपणे वाहावे लागते. तर्कांच्या या गर्दीत रोझेशिया या व्याधीचे नाव मात्र सहसा कोणाच्या तोंडी येत नाही. ती जिवावर बेतणारी नाही, वेळीच ओळखली तर बहुतेकांच्या बाबतीत आटोक्यात ठेवता येते. तरीही तिच्याविषयी इतकी अनास्था असावी, आणि त्या अनास्थेची किंमत ज्यांची त्वचा वयोमानाने आधीच पातळ व नाजूक झालेली असते त्या वृद्धांनी मोजावी, ही गोष्ट मला अत्यंत खेदाची वाटते.

रोझेशिया हा त्वचेतील दाहाचा दीर्घकालीन विकार असून त्याचे ठाणे चेहऱ्याच्या मध्यभागी, म्हणजे गाल, नाक, हनुवटी आणि कपाळाचा मधला भाग येथे असते. आरंभी लाली येते आणि जाते. उन्हातून चालून आल्यावर, गॅसपाशी तासभर उभे राहिल्यावर, मनस्ताप झाल्यावर चेहरा तापतो आणि काही वेळाने निवळतो. पुढे ती मुक्कामाला राहते, नाकपुड्यांच्या कडेला व गालांवर बारीक तांबड्या शिरांचे जाळे उमटते, आणि कित्येकांना त्यावर पुरळ व पुवाचे बारीक फोड येतात, जे पाहून ‘या वयात कसल्या तारुण्यपीटिका’ असे म्हणून घरचे विषय सोडून देतात. वस्तुतः तारुण्यपीटिकांत रंध्रे बुजून जे काळे टिपके दिसतात, ते येथे नसतात. काहींच्या, विशेषतः पुरुषांच्या, नाकाची त्वचा कालांतराने जाड, खडबडीत आणि गाठाळ होते. फ्लॉरेन्सचा चित्रकार दोमेनिको घिर्लांदायो याने सुमारे 1490 साली रंगविलेले, आणि आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असलेले, वृद्ध आजोबा व नातवाचे चित्र ज्यांनी पाहिले असेल, त्यांना आजोबांचे तसले नाक आणि त्या नाकाची यत्किंचित घृणा न वाटता त्यांच्या मुखाकडे एकटक पाहणारे ते बालक आठवेल. चित्रकाराने काही लपविले नाही, आणि बालकानेही तोंड फिरविले नाही. मोठ्या माणसांना हे इतके अवघड का जावे, हे मला उमगत नाही. मद्याने ही लाली भडकू शकते हे खरे. पण ती मद्यानेच येते हा समज निराधार आहे. रक्तवाहिन्यांचे अवाजवी प्रसरण, त्वचेच्या संरक्षक यंत्रणेची अतिरेकी प्रतिक्रिया, आनुवंशिकता, आणि प्रौढांच्या केसांच्या मुळाशी सर्रास राहणारे, पण या रोग्यांत संख्येने वाढलेले डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म जीव, अशा अनेक कारणांचा तो मिलाफ आहे.

आपल्या देशात एक जादा अडचण आहे. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांतील या रोगाची चित्रे बहुधा युरोपीय गौरवर्णीयांची असतात, त्यामुळे हा गोऱ्या लोकांचा रोग, अशी समजूत कित्येक डॉक्टरांच्याही मनात घर करून बसली आहे. सावळ्या त्वचेवर लाली लालभडक दिसत नाही; ती तपकिरी, जांभळट किंवा नुसती मलूल दिसते, आणि नजरेला जे दिसत नाही ते रोग्याच्या शब्दांतून ऐकावे लागते. चेहऱ्याची आग होते, साबण झोंबतो, कातडी ओढल्यासारखी वाटते, ही त्या रोग्यांची नेहमीची तक्रार असते. घरच्या माणसाने चष्मा काढायला सांगून आजोबांना सकाळच्या उजेडात खिडकीपाशी बसवावे, नाकाच्या कडेला बारीक शिरा दिसतात का ते पाहावे, आणि स्वच्छ पारदर्शक काचेने गाल हलकेच दाबून काच उचलावी. दाबाने फिकी पडलेली जागा पुन्हा रंग धरू लागते, हे सावळ्या त्वचेवरही पुष्कळदा पाहता येते. एवढ्याने निदान होत नाही, पण त्वचारोगतज्ज्ञाकडे जाण्याइतके कारण निश्चित मिळते.

हे न करता जे केले जाते, त्याविषयी मला विशेष तळमळीने लिहावयाचे आहे. औषधाच्या दुकानात जाऊन ‘चेहऱ्यावर लावायची ट्यूब द्या’ असे सांगावे, दुकानदाराने फळीवरून एक ट्यूब काढून द्यावी, आणि दोनच दिवसांत लाली नाहीशी झाल्याने घरभर त्या ट्यूबची कीर्ती व्हावी, हा प्रकार शहरांत व तालुक्याच्या गावांत सारखाच चालतो. त्या ट्यूबमध्ये पुष्कळदा तीव्र स्टेरॉइड असते. स्टेरॉइड रक्तवाहिन्या आकुंचित करते म्हणून लाली तात्पुरती मावळते. परंतु सततच्या वापराने त्वचा झिजते, शिरा अधिक उघड्या पडतात, आणि ट्यूब बंद करताच दाह दुप्पट जोराने उसळतो, तेव्हा बिचारा रोगी पुन्हा त्याच ट्यूबकडे वळतो. एखाद्या कुळाने सावकाराकडून घेतलेले कर्ज फेडण्यासाठी त्याच सावकाराकडून नवे कर्ज काढावे, तशीच ही गत होय. आपल्या देशातील बारा केंद्रांतील त्वचारोगतज्ज्ञांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीत चेहऱ्याच्या विकारांचे 2926 रोगी तपासले गेले, आणि त्यांतील 433 जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावीत असल्याचे आढळले. केंद्र सरकारने 2018 साली बाह्योपचाराची चौदा स्टेरॉइड द्रव्ये अनुसूची ‘एच’मध्ये घालून डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून त्यांच्या विक्रीला मनाई केली, हे योग्यच झाले. पण हुकूम निघणे वेगळे आणि त्याची अंमलबजावणी होणे वेगळे. अन्न व औषध प्रशासनाने दुकानांच्या तपासणीत या ट्यूबच्या विक्रीचे दप्तर नियमाने पाहावे, ही मागणी कोणालाही अवाजवी वाटू नये. ज्यांनी महिनोन् महिने अशी ट्यूब वापरली आहे, त्यांनी हे वाचून ती परस्पर फेकून देऊ नये. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.

अर्थात प्रत्येक लाली रोझेशियाची नसते, आणि उतारवयात तर हा विवेक अधिकच लागतो. भुवयांत व नाकाच्या घडीत तेलकट खपल्या असतील तर तो निराळा विकार. गालांवरून नाकावर पसरलेल्या लालीबरोबर सांधे दुखत असतील, ताप असेल, तर ल्युपसचा तपास हवा. संवेदना हरवलेला चट्टा असेल तर महारोगाची शंका आपल्या प्रदेशात आजही मनात आणलीच पाहिजे. आणि एकाच गालाला एकाएकी सूज, वेदना व थंडीताप आला, तर तो जंतुसंसर्ग समजून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रक्तदाबाची अम्लोडिपिनसारखी किंवा हृदयविकाराची नायट्रेटवर्गीय औषधे घेणाऱ्यांचाही चेहरा तापतो. डॉक्टरांना ते जरूर सांगावे, पण गोळ्या आपल्या मनाने बंद करणे प्राणाशी खेळ ठरेल.

उपचारांची आज वानवा नाही. मेट्रोनिडॅझोल, ॲझेलाइक ॲसिड, आयव्हरमेक्टिन यांची मलमे, गरज पडल्यास डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या, उघड्या शिरांसाठी लेझर, असे टप्प्याटप्प्याने इलाज आहेत. मात्र मलमांचा गुण दिसायला दोन-तीन महिन्यांची मुदत द्यावी लागते. डॉक्सिसायक्लिन ताठ बसून भरपूर पाण्याबरोबर घ्यावी, आणि वृद्ध नेहमी घेतात त्या कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये, कारण कॅल्शियममुळे ती पोटातून नीट शोषली जात नाही. पण निम्मा बंदोबस्त घरातच आहे. चेहऱ्याला वाफ घेणे, डाळीच्या पिठाने खसाखसा चोळणे, लिंबू लावणे, दाढीनंतर तुरटी फिरविणे हे सारे बंद करावे. सौम्य साबण, साधे सुगंधरहित मॉइश्चरायझर आणि झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन पुरेसे आहे, आणि फिरायला उन्हे चढण्यापूर्वी, छत्री किंवा टोपी घेऊन जावे. चहा सोडावा लागेल या धास्तीने कित्येक जण डॉक्टरकडे जाणेच टाळतात. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ जोनाथन विल्किन यांनी 1981 साली प्रयोग करून दाखविले, की चेहरा लाल होतो तो पेयाच्या उष्णतेने. गरम पाण्यानेही तो तापतो, आणि तीच कॉफी थंड करून दिली तर तापत नाही. तेव्हा आपल्या आजी-आजोबांची चहा बशीत ओतून, फुंकर घालून, निवांत पिण्याची जुनी रीत या रोग्यांना मुळीच सोडावी लागू नये. तिखटाचेही तसेच, तांबडा रस्सा एकाला बाधतो, दुसऱ्याला बाधत नाही. म्हणून काय खाल्ले, कोठे फिरलो, चेहरा केव्हा तापला, याची काही आठवडे रोजकीर्द ठेवावी आणि ती डॉक्टरांपुढे मांडावी.

सर्वांत दुर्लक्षित राहतात ते डोळे. हाच रोग पापण्यांच्या कडांना जडला, की डोळ्यांत वाळू खुपल्यासारखे होते, कडा लाल होतात, रांजणवाडी वारंवार येते, आणि दुर्लक्ष झाल्यास बुबुळाला इजा पोहोचून दृष्टी उणावू शकते. वृद्धाने डोळे चुरचुरतात म्हटले की मोतीबिंदू म्हणून पुढची तारीख पाहिली जाते. आणि पापण्यांजवळ तीच स्टेरॉइडची ट्यूब लावीत राहिल्याने काचबिंदूचा धोका वाढतो, हे त्याला सांगणारे कोणी भेटत नाही. चेहऱ्याचा डॉक्टर डोळ्यांविषयी विचारीत नाही, डोळ्यांचा डॉक्टर गालांकडे पाहत नाही, आणि रोगी दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत राहून जातो.

ज्येष्ठ नागरिक संघांच्या आणि सरकारी आरोग्य शिबिरांत साखर व रक्तदाब मोजण्याची तरतूद असते, ती चांगलीच आहे. त्याच टेबलाशी बसलेल्या परिचारिकेने प्रत्येकाला आणखी दोन प्रश्न विचारावेत, आणि उत्तरे तपासणीच्या कागदावर नोंदवावीत: तोंडाला कोणती ट्यूब लावता, आणि डोळ्यांत खुपते का?