माळ्यावरच्या कॅसेटी आणि मोह



श्रुतपंचमीला आपण मंदिरातली शास्त्रं बाहेर काढतो, धूळ झटकतो, वेष्टनं बदलतो. यंदा मंदिरातून घरी आले आणि त्याच भरात माळा आवरायला घेतला. पत्र्याच्या ट्रंकेत व्हीएचएसच्या एकोणीस कॅसेटी निघाल्या. माझं लग्न, दिरांचं लग्न, गावचा पंचकल्याणक महोत्सव आणि अक्कांच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, दशलक्षणातल्या दहा उपवासांचं पारणं. अक्का जाऊन अकरा वर्षं झाली. फोटो भिंतीवर आहे, पण आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेच नाही.

या कॅसेटी मी संगणकावर उतरवून घेते आहे असं मंदिरात बोलले, तर एक ताई म्हणाल्या, "अगं, हा मोहच की. सोडायला शिकायचं सोडून साठवत बसलीस."

खरं सांगते, दोन दिवस मन खट्टू होतं. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. माझ्या लग्नाच्या कॅसेटीत दीड तास नुसते आहेर घेणं चाललंय, ते ठेवून काय करायचं? पण मग वाटलं, आपण श्रुतपंचमी साजरी कशाची करतो? स्मरणशक्ती कमी होत चालली, ज्ञान लुप्त होईल, म्हणून धरसेनाचार्यांनी पुष्पदंत आणि भूतबली यांना शिकवलं आणि षट्खंडागम लिहिला गेला. पुढे शेकडो वर्षं त्यावरची धवला टीका मूडबिद्रीच्या ताडपत्रांत राहिली. कुणीतरी बसून नकला केल्या म्हणून 1939 मध्ये डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून तिचा पहिला भाग छापून निघाला. आगमाची आणि आमच्या घरच्या कॅसेटींची बरोबरी करण्याचा धिटाईपणा मी करणार नाही. एवढंच म्हणते की नक्कल करून ठेवणं ही आपल्याकडे कधीच हीन गोष्ट मानलेली नाही. ट्रंकेत कोंडून ठेवणं हा परिग्रह. उतरवून चार घरांत वाटणं, हे मला तरी वेगळं वाटतं.

आणि हे काम घरीच करा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. पारण्याचीच एक प्रत दिरांनी पूर्वी दुकानात देऊन सीडीवर करून घेतली होती. दुकानदाराने हौसेने मूळ आवाज काढून वर सनईची धून टाकली. अक्का ओठ हलवताहेत आणि सनई वाजतेय! मूळ कॅसेट टाकून दिली नव्हती, हे नशीब.

घरी करायला फार काही लागत नाही. चालू व्हीसीआर मिळवणं हेच खरं कठीण. जगातल्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, 2016 मध्ये ते बनवणं थांबवलं. आमच्या यंत्राचे रबरी पट्टे सैल झाले होते, ते जुन्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांनी बदलून दिले. मागे पिवळं भोक चित्राचं, पांढरं-लाल आवाजाचं (आमच्याला आवाजाचं एकच आहे). त्यातून वायरी यूएसबी कॅप्चर डोंगलला आणि डोंगल लॅपटॉपला. ओबीएस स्टुडिओ हा प्रोग्राम फुकट मिळतो. त्यात पाल पद्धत निवडायची, 720 बाय 576, सेकंदाला 25 फ्रेम. एनटीएससी तशीच राहिली तर चित्र काळं-पांढरं येतं नाहीतर वरखाली पळतं. मी एक अख्खी संध्याकाळ त्यात घालवली आणि वायरींना दोष देत बसले.

लावण्याआधी कॅसेट एकदा पुढे शेवटपर्यंत आणि परत मागे फिरवून घ्या. पाठीमागची छोटी प्लास्टिकची पट्टी मोडून टाका, म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग होणार नाही. तीन तासांची कॅसेट उतरायला तीनच तास लागतात, घाई चालत नाही. आपल्याकडे जेवणं सूर्यास्ताच्या आत आटोपतात, पुढची वेळ मोकळीच असते. मिनी-डीव्ही कॅसेट असेल तर मात्र ही पिवळी वायर नको. त्यात मुळात डिजिटलच असतं, ते कॅमेऱ्यातून फायरवायरने घ्यावं.

दोन कॅसेटींच्या खिडकीतून फितीवर पांढरी बुरशी दिसली. त्या मी यंत्रात घातल्याच नाहीत. तशी कॅसेट चालवली की बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटीवर जाते. शिवाय ती घासून काढायला माझा हात झाला नाही. लोणच्याची बरणी ओल लागू नये म्हणून आपण किती जपतो, आणि या मात्र पंधरा पावसाळे कौलांखाली होत्या. दोष आमचाच. त्या दोन्ही वेगळ्या डब्यात कोरड्या जागी ठेवल्यात.

पण या सगळ्यात जे हाती लागलं ते यंत्रातून आलंच नाही. मामंजी रोज शेजारी येऊन बसतात. ब्याऐंशी वर्षांचे आहेत, काल काय खाल्लं ते आठवत नाही, पण पंचकल्याणकाच्या मिरवणुकीतली माणसं नावानिशी सांगतात. इंद्र कोण झालं होतं, पाळणा कुणी हलवला, मांडवाचं लाकूड कुणाच्या वखारीतून आलं. मी वही घेऊन बसते आणि व्हीसीआरवरचा आकडा बघून नाव लिहिते. नावं नसतील तर माझ्या नातवंडांसाठी ती नुसतीच फेटे बांधलेली माणसं. कॅसेट अजून पाच वर्षं टिकेलही कदाचित, सांगणारं माणूस तोवर असेल का?

भाचा म्हणतो, सगळं यूट्यूबवर टाकू या. मी नाही म्हटलं. अक्कांनी उपवास केला तो बघणाऱ्यांसाठी नव्हता. एक प्रत आमच्याकडे, एक दिरांकडे, एक नणंदेकडे, पुरे.

पारण्याची कॅसेट गुरुवारी उतरवली. अक्का आधी पाण्याचा पेला हातात घेऊन थांबतात आणि कॅमेऱ्यामागच्या कुणाला तरी म्हणतात, "अरे, तू जेवलास का?" मामंजींनी ते तीनदा मागे घ्यायला लावलं. चौथ्यांदा मीच नको म्हटलं, फीत जुनी आहे.