वेळेची तरतूद

निसर्गोपचारकाचा सल्ला ऐकावयास अत्यंत सोपा असतो. सूर्योदयापूर्वी उठावे, कोवळ्या उन्हात चालावे, अन्न सावकाश चावून खावे, रात्रीचे भोजन दिवेलागणीच्या सुमारास उरकावे आणि वेळेवर निजावे. केवळ दुखऱ्या अवयवावर इलाज न करता मनुष्याचा आहार, श्रम, विश्रांती आणि चित्तवृत्ती यांचा समग्र विचार करणाऱ्या या पद्धतीविषयी मला मनापासून आदर आहे. तथापि ठाण्याच्या टेंभी नाक्याच्या परिसरात राहून मुंबईच्या कचेऱ्यांत उभे आयुष्य घालविणाऱ्या नोकरदारास यातले एकही कलम पाळता येत नसेल, तर तो दोष त्याच्या आळसाच्या खाती मांडणे हा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी 34 किलोमीटरचे अंतर 57 मिनिटांत तोडून ठाण्यास पोहोचली, पुढील वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला, आणि या भागाचे दैनंदिन जीवन हळूहळू वेळापत्रकाच्या अंमलाखाली आले. आज जलद लोकल ते अंतर पूर्वीपेक्षा लवकर कापते हे खरे. परंतु डोंबिवलीच्या कारकुनास रिक्षाची रांग, फलाटावरची गर्दी आणि दारात लोंबकळणे धरून जाण्यायेण्यास अडीच तास सहज लागतात, आणि जागतिक आरोग्य संघटना प्रौढ मनुष्यास मध्यम व्यायामासाठी संपूर्ण आठवड्यात किमान जेवढा वेळ द्यावयास सांगते, तोही नेमका अडीच तासांचाच आहे. ज्याचा डबा दुपारी घाईने संपतो, सायंकाळची भूक स्थानकाबाहेरच्या वडापावावर भागते आणि जेवणाचे ताट रात्री दहाला पुढ्यात येते, त्याला मिताहाराचे महत्त्व ठाऊक नसते असे थोडेच आहे?

उपचार रोग्याच्या परिस्थितीस जुळला पाहिजे, हे महात्मा गांधींनी ओळखले होते. त्यांनी लुई कूने यांचे जलोपचार आणि आडॉल्फ युस्ट यांचे मातीचे उपचार दक्षिण आफ्रिकेतच स्वतःवर करून पाहिले होते. पुढे पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या चिकित्सालयात गोरगरिबांसाठी सोय करावी असा गांधीजींचा मनोदय होता; परंतु गरिबांची संस्था शहरात उभारून त्यांनी तिच्या दारी यावे ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे, हे ध्यानी येताच त्यांनी तो बेत सोडला, मार्च 1946 मध्ये उरुळी कांचनला मुक्काम केला आणि तेथील ग्रामस्थांवर उपचार सुरू केले. त्या कार्याचा भार पुढे मणिभाई देसाई यांनी आयुष्यभर वाहिला.

जेथे रोगी राहतो तेथेच उपचाराने गेले पाहिजे, हा उरुळीचा धडा नोकरदाराच्या बाबतीत आपण विसरलो आहोत. दमलेल्या अधिकाऱ्यासाठी आठवड्याचे निवासी शिबिर, तेथे कटिस्नान, मातीच्या पट्ट्या, फलाहार, आणि परतल्यावर सोमवारी तीच गाडी, तीच गर्दी. अशाने शरीरास चार दिवस विसावा मिळतो, दिनचर्या मात्र जेथल्या तेथेच राहते.

म्हणून माझी दरखास्त रोग्याकडे नाही, धन्याकडे आणि सरकारकडे आहे. मध्य रेल्वेने 2023 मध्ये आपल्या मुंबई विभागीय कार्यालयात कामाच्या दोन निरनिराळ्या वेळा लागू केल्या आणि इतर आस्थापनांनाही पत्र लिहून तसे करण्याची विनंती केली. उद्देश गर्दी कमी करण्याचा होता, परंतु माझ्या दृष्टीने आरोग्यरक्षणाचा याहून उत्तम उपाय दुसरा नाही, कारण गर्दी टळली की सकाळचे चालणे आणि रात्रीचे वेळेवर जेवण दोन्ही आपोआप आवाक्यात येतात. ठाणे व कल्याण-डोंबिवली महापालिकांनी स्थानकापासून वस्तीपर्यंतचे पदपथ मोकळे ठेवावेत, म्हणजे टेंभी नाक्यास परतणारा माणूस रिक्षाच्या रांगेत तिष्ठण्याऐवजी मासुंदा तलावाच्या काठाने पायी येईल. आणि ज्या कचेऱ्यांनी रेल्वेचे ते पत्र दफ्तरी दाखल करून ठेवले असेल, त्यांनी ते पुन्हा वर काढून त्यावर निर्णय द्यावा.