दुपारचा एक तास

मुलांचे डबे, कुकरच्या शिट्ट्या, संध्याकाळी ह्यांच्याबरोबरचा चहा, यात मी सुखी आहे. त्यात आता वाचनाचं वेड लागलंय. ‘कामं उरकली वाटतं?’ असं कुणी विचारतंच. कारण घरातल्या बाईचं वाचन म्हणजे रिकामा उद्योग! आपल्या नगरमध्ये राहिलेल्या लक्ष्मीबाई टिळक लग्नानंतर लिहा-वाचायला शिकल्या. १९३४ पासून त्यांची ‘स्मृतिचित्रे’ पुस्तकरूपात येऊ लागली आणि घरगुती बोलणं मराठी साहित्यात मानानं बसलं. वाचू लागल्यापासून मलाही घरचीच माणसं अधिक कळू लागली आहेत. म्हणूनच वाटतं, वाचनालयाचं सभासदत्व बाईच्या स्वतःच्या नावावर असावं आणि दुपारचा एक तास तिचा. तेवढ्यात दाराची बेल वाजली, तर दुसऱ्या कुणी उठावं.