होडीत पाणी कुठून आलं?

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात काय असतं, हे तुम्हीही पाहिलं असेल. थर्माकोलचा ज्वालामुखी, पुठ्ठ्याची पवनचक्की, पावसाचं पाणी साठवणारं घर. शेजारी रंगीत चार्ट आणि मुलाने पाठ केलेली दोन मिनिटांची माहिती. बरीचशी मॉडेल आदल्या रात्री पालकांनी केलेली असतात, नाहीतर दुकानातून तयार आणलेली. परीक्षक येतात, चार्टवरचं अक्षर बघतात, दोन प्रश्न विचारतात आणि पुढे जातात. मॉडेल खरोखर चालतं का, हा प्रश्न क्वचितच निघतो.

म्हणून माझं एक म्हणणं आहे. शाळांनी, विशेषतः किनारपट्टीवरच्या उर्दू आणि मराठी शाळांनी, आठवी-नववीच्या मुलांकडून रिमोटवर चालणारी छोटी इलेक्ट्रिक रेसिंग बोट जोडून घ्यावी. तयार खेळणं नको. बोटीचा रिकामा सांगाडा म्हणजे हल, मोटर, बॅटरी, शाफ्ट, पंखा, सर्व्हो असे सुटे भाग आणावेत आणि मुलांनी ते बसवावेत. मग बोट पाण्यात सोडावी आणि परत आल्यावर झाकण उघडून बघावं. आत पाणी आहे की नाही, एवढी एकच परीक्षा.

मी भाषेचा शिक्षक. उर्दू आणि मराठी शिकवतो. भाषेच्या मास्तराला मोटरशी काय देणंघेणं, असं स्टाफरूममध्येही विचारलं जातं. पण बोटीची सुरुवात शब्दांपासूनच होते. आपण मराठीत ज्याला सुकाणू म्हणतो तो अरबी ‘सुक्कान’. कोकणातला नाखवा म्हणजे फारसी ‘नाखुदा’. जहाज, बंदर, खलाशी हे शब्द मराठी आणि उर्दू दोन्ही वर्गांत जसेच्या तसे चालतात. ज्या मुलांना ‘उत्प्लावक बल’ हा शब्द परका वाटतो, त्यांच्या घरात हे सगळे शब्द रोज बोलले जातात. विज्ञान त्यांच्या ओळखीच्या शब्दांतून सुरू करता येतं, हे मला वर्गात दिसलं आहे.

आता बोटीकडे येऊ. आमच्या मुलांनी घेतलेला हल सुमारे ४५ सेंटिमीटरचा, खालून इंग्रजी ‘व्ही’सारखा. पहिला प्रश्न वजन कुठे ठेवायचं हा. अशा एकहली बोटीचा तोल साधारणपणे मागच्या टोकापासून तीस टक्के लांबीवर असावा लागतो. म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर. तिथे हलच्या दोन्ही बाजूंना खूण करायची, दोन बोटांवर बोट उचलायची आणि ती आडवी राहीपर्यंत बॅटरी पुढे-मागे सरकवायची. बोट पाण्यावर नाक उडवत चालली तर बॅटरी थोडी पुढे, नाक खुपसून चालली तर थोडी मागे. टक्केवारीचा धडा असा शिकवला की विसरत नाही.

दुसरा प्रश्न वेगाचा. ब्रशलेस मोटरवर केव्ही हा आकडा असतो. तो किलोव्होल्ट नव्हे. भार नसताना एका व्होल्टला मोटर मिनिटाला किती फेरे घेते, ते तो सांगतो. २००० केव्हीची मोटर आणि तीन सेलची ११.१ व्होल्टची लिथियम पॉलिमर बॅटरी, म्हणजे २२,२०० फेरे. दोन सेलच्या ७.४ व्होल्टवर १४,८००. मुलांना अर्थातच तीन सेल आणि मोठा पंखा हवा असतो. पण पंखा मोठा केला की मोटर जास्त करंट ओढते आणि मोटर व तिचा स्पीड कंट्रोलर तापतात. म्हणून सुरुवात दोन सेल आणि छोट्या पंख्याने. अर्धा-एक मिनिट चालवून बोट परत आणायची आणि मोटरला हात लावून बघायचा. बोट ठेववत नसेल इतकी गरम असेल तर तिथेच थांबायचं.

गरम होण्यावर उपाय म्हणून पाणी मुद्दाम आत घेतलं जातं, ही या बोटीतली मोठी गंमत. मागे, पाण्यात बुडलेल्या एका बारीक तोंडातून वेगाच्या दाबाने पाणी चढतं, सिलिकॉनच्या नळीतून स्पीड कंट्रोलर आणि मोटरभोवती फिरतं आणि बाजूच्या छिद्रातून बाहेर पडतं. बोट धावताना ती धार दिसलीच पाहिजे. दिसली नाही तर नळीत कचरा अडकला आहे. एक पाणी आत यायलाच हवं आणि दुसरं येता कामा नये, हा फरक मुलांना पटकन कळतो.

आता नको असलेलं पाणी. ते मुख्यतः तीन वाटांनी येतं.

पहिली वाट शाफ्टची. मोटर आत आणि पंखा बाहेर, तेव्हा हलला भोक पडणारच. तारांनी विणलेला लवचिक शाफ्ट पितळी नळीतून बाहेर जातो. त्या नळीत ग्रीस भरलेलं असतं, ते शाफ्टला वंगण देतं आणि पाणीही अडवतं. मासेमारी बोटींच्या इंजिनांना जे पाण्यात टिकणारं ग्रीस लावतात ते बंदरावर सहज मिळतं. ते दर वेळी नव्याने भरायचं. जोर पडला की हा शाफ्ट पीळ बसून किंचित आखडतो, म्हणून बाहेरच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटर फट सोडायची. ती सोडली नाही तर शाफ्ट घासून अडकतो.

दुसरी वाट सुकाणूची. सर्व्हो मोटर आतून एका सळईने सुकाणू हलवते. सळई जिथून बाहेर पडते तिथे घडीचं रबर बसवायचं आणि दोन्ही टोकं घट्ट बांधायची.

तिसरी वाट झाकणाची. झाकणाची कड कोरड्या फडक्याने पुसून चारी बाजूंनी पारदर्शक टेप लावायची. हल ओला असेल तर टेप चिकटत नाही. घाई करणाऱ्या मुलाला हे दोनदा सांगावं लागतं.

सिलिकॉन भरतानाही एक गोष्ट बघायची. व्हिनेगरसारखा उग्र वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं. ते तांब्याच्या तारा आणि सर्किटला खातं. वायरिंगजवळ न्यूट्रल प्रकारचंच वापरायचं. रसायनशास्त्राच्या पुस्तकातलं आम्ल आणि धातू इथे नाकाने ओळखता येतात.

हे सगळं करूनही थोडं पाणी येणारच. म्हणून दुसरी तटबंदी. रेडिओचा रिसीव्हर फुग्यात घालून तोंड बांधायचं आणि वायरी खालच्या बाजूने बाहेर काढायच्या, म्हणजे थेंब वायरीवरून आत उतरत नाही. तो हलच्या तळाशी ठेवायचा नाही, उंच चिकटवायचा. अँटेना पाण्याच्या रेषेच्या वर, कारण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शिरत नाहीत. आणि हलच्या मोकळ्या जागेत फोमचे तुकडे भरायचे. बोट उलटली, झाकण उघडलं, तरी ती बुडत नाही.

मग चाचणी. आत पुढे, मध्ये आणि मागे कोरडे टिश्यू पेपर ठेवून बोट टबात अर्धा तास ठेवायची. नंतर तळ्यात एक मिनिट धावून आल्यावर पुन्हा बघायचं. उभ्या बोटीत न येणारं पाणी धावत्या बोटीत येतं. कोणता कागद आधी भिजला यावरून वाट सापडते.

आमच्या गटात एक मुलगा आहे. चाचणीच्या पेपरात आर्किमिडीजचं तत्त्व त्याला लिहिता येत नाही, म्हणून तो विज्ञानात कच्चा समजला जातो. मागचा कागद भिजलेला पाहून बाकीचे झाकणाला आणखी टेप लावत होते. हा म्हणाला, “सर, वरून आलं असतं तर मधला पण भिजला असता. हे नळीतून येतंय.” त्याने शाफ्ट काढला, नळी ग्रीसने भरली. पुढच्या फेरीत कागद कोरडा निघाला. या मुलाने जे केलं त्याला गुणपत्रिकेत रकाना नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

लाकडी बोटी बांधणारे एक वयस्कर चाचा मुलांची बोट बघायला आले होते. त्यांच्या कामात फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकून भरतात, वर राळ आणि तेल लावतात. पाण्यात गेल्यावर लाकूड फुगतं आणि सांधा आणखी आवळतो. प्लॅस्टिकचा हल हातात घेऊन ते म्हणाले, “हे फुगणार नाही. म्हणजे तुमच्या सांध्याला पाण्याची मदत नाही.” कोणत्याही पाठ्यपुस्तकात इतकं नेमकं वाक्य मला मिळालं नव्हतं. असं ज्ञान मोहल्ल्यात आहे आणि शाळेच्या फाटकाबाहेरच थांबलं आहे.

हातांचा हुनर आणि पुस्तकी तालीम वेगळी ठेवू नये, हा विचार नवा नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हस्तोद्योगाला शिक्षणाच्या मध्यभागी ठेवणारा आराखडा मांडला. बी.एड.ला आम्ही त्याची टिपणं काढली, परीक्षेत उत्तर लिहिलं आणि वर्गात जाऊन खडू हातात घेतला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत, स्थानिक कारागिरांकडून शिकण्यासाठी. ते दिवस सहलीत आणि रांगोळीत संपू नयेत, एवढीच अपेक्षा.

आक्षेप आहेत, आणि ते योग्यही आहेत. खर्च होतो. पण वीस मुलांच्या गटाला एकच बोट पुरते आणि ती दुरुस्त करत वर्षानुवर्षे चालते. धोका आहे. लिथियम बॅटरी कुणी समोर नसताना चार्ज करायची नाही. एका सेलचा व्होल्टेज साडेतीनच्या आसपास आला की बोट थांबवायची, ठेवताना सेलला ३.८ व्होल्ट ठेवायचा. पंखा सुरीसारखा कापतो, म्हणून बॅटरी जोडली की हात मागे, ओढणी आणि केस बांधलेले. सिग्नल तुटला तर मोटर आपोआप बंद होते ना, हे आधी जमिनीवर तपासायचं. बंद पडलेल्या बोटीमागे कुणीही पोहत जायचं नाही. गळाच्या दोरीला चेंडू बांधून ती ओढायची. शेततळ्याच्या काठी तर मुलांना नेऊच नये. प्लॅस्टिकचा उतार निसरडा असतो, पडलेला माणूस वर चढू शकत नाही. खाडीत चालवली तर घरी येऊन गोड्या पाण्याने धुवून वाळवायची, नाहीतर मिठाने तांब्यावर हिरवा थर चढतो.

‘हा मुलग्यांचा खेळ’ असंही म्हणतात. आमच्या बोटीचं सगळं सोल्डरिंग दोन मुलींनी केलं आहे. एवढं सांगून मी तो विषय संपवतो.

रेडिओवर दुरून चालवलेली बोट निकोला टेस्लाने १८९८ साली न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लोकांना दाखवली होती. सव्वाशे वर्षांनंतर आपल्या किनाऱ्यावरची मुलं तेच तंत्र खेळण्याच्या खोक्यातून विकत घेतात आणि बिघडलं की फेकून देतात.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाचे नियम ठरवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. एक गट जलयानांसाठी ठेवा. मंडपात पाण्याचा हौद ठेवा. चार्टला गुण देऊ नका. बोट तीनदा चालवून बघा आणि प्रत्येक वेळी झाकण उघडा. पाणी सापडलं तर गुण कापू नका. मुलाला विचारा, हे कुठून आलं आणि तू आता काय करशील? त्याच्या उत्तराला गुण द्या. ते उत्तर त्याने उर्दूत दिलं, मराठीत दिलं किंवा बोट उलटी करून बोटाने दाखवलं, तरी चालेल.