पॉन्सेटीचे प्लास्टर आणि सीएमईचे तास

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेनुसार डॉक्टराने दर पाच वर्षांत किमान ३० तासांचे निरंतर वैद्यकीय शिक्षण (सीएमई) घेणे अपेक्षित आहे. महाराष्ट्रात नोंदणीचे नूतनीकरण क्रेडिट पॉइंटांशी जोडलेले आहे. हे पॉइंट मिळतात ते हजेरीवर. सभागृहात बसलेल्याने परतल्यावर आपल्या ओपीडीत काय बदलले, याची नोंद कुठेच होत नाही. डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी १९९९मध्ये अशा कार्यक्रमांवरील अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा नुसत्या व्याख्यानांनी डॉक्टरांच्या कामात फरक पडल्याचे दिसले नाही. चर्चा आणि प्रत्यक्ष सराव असलेल्या सत्रांनी मात्र काही प्रमाणात पडला. अस्थिरोगशास्त्रातले निम्मे कौशल्य हातात असते, त्यामुळे या शाखेला हा निष्कर्ष अधिकच लागू पडतो.

जन्मजात वाकडे पाऊल, म्हणजे क्लबफूट, हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण. इग्नासिओ पॉन्सेटी यांनी अमेरिकेतील आयोवा येथे १९४८च्या सुमारास प्लास्टरची आपली पद्धत सुरू केली आणि १९६३मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढची तीन दशके बहुतेक शल्यचिकित्सक पाऊल उघडून मोठी शस्त्रक्रियाच करत राहिले. १९९५मध्ये कूपर आणि डिट्झ यांनी सरासरी ३४ वर्षांच्या पाठपुराव्याचे निकाल मांडले: उपचार झालेल्यांपैकी ७८ टक्क्यांची पावले उत्तम किंवा चांगली होती, तर जन्मतः निर्दोष पावले असलेल्या तुलनागटात हे प्रमाण ८५ टक्के होते. त्यानंतरही पद्धतीच्या प्रसाराला खरा वेग दिला तो इंटरनेटवरून एकमेकांना माहिती देणाऱ्या पालकांनी. व्यवसायाच्या शिक्षणव्यवस्थेला हे फारसे भूषणावह नाही.

पद्धत सोपी वाटते, पण चुका बारीक जागी होतात. पहिल्या प्लास्टरमध्ये पावलाचा पुढचा भाग बाहेर न वळवता सुपिनेशनमध्येच धरायचा असतो, म्हणजे पहिले मेटाटार्सल उचलले जाते आणि कमान सरळ होते. नवख्याच्या डोळ्याला त्यामुळे पाऊल आणखी वाकडे दिसते, तो घाबरून ते प्रोनेशनमध्ये नेतो आणि कमान वाढते. पुढच्या प्लास्टरांत अंगठ्याचा टेकू टॅलसच्या डोक्यावर बाहेरून हवा. कॅल्केनोक्युबॉइड सांध्यावर दाब दिला की टाचेचे हाड वळायचे थांबते. पॉन्सेटी यांनी याला काइटची चूक म्हटले. टाचेला हात लावायचा नाही. प्लास्टर गुडघ्याच्या वरपर्यंत, गुडघा काटकोनात. आठवड्याला एक अशी बहुधा पाच-सहा प्लास्टरे होतात; बहुतेक बाळांना त्यानंतर अकिलीस टेंडनची त्वचेतून टेनोटॉमी आणि तीन आठवड्यांचे शेवटचे प्लास्टर लागते.

हे सगळे स्लाइडवर दाखवता येते, पण अंगठा नेमका कुठे टेकतो हे रबरी पावलावर आणि मग शिक्षकाच्या देखरेखीखाली बाळाच्या पावलावरच कळते. शिवाय प्लास्टर एकट्याला घालता येत नाही. एकाने पाऊल धरायचे, दुसऱ्याने पट्टी गुंडाळायची. म्हणून कार्यशाळेला डॉक्टरासोबत त्याचा प्लास्टर तंत्रज्ञही यायला हवा. पॉइंट मात्र एकालाच मिळतात.

पाऊल सरळ झाल्यानंतरचा भाग सर्वांत दुर्लक्षित. ब्रेस पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास आणि पुढे मूल चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपेच्या वेळी घालायचा असतो. विकृती परत येण्याचे मुख्य कारण ब्रेस सोडून देणे हेच आहे. मूल रडते, उन्हाळ्यात पाय घामेजतात, पाऊल दिसायला तर छान झालेले असते, आणि घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, आता कशाला? या संभाषणाचा सराव कुठल्याही परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत असायला हरकत नसावी. २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूट जन्मजात दोषांच्या यादीत असल्याने बाळे लवकर शोधली जाऊ शकतात; ती पोहोचतात त्या जिल्हा रुग्णालयात प्लास्टर घालणारा हात तयार असला पाहिजे.

नवे शिकण्याइतकेच जुने सोडणे अवघड. ह्यूस्टनमध्ये मोझली आणि सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या झिजेच्या १८० रुग्णांवर केलेल्या चाचणीत (२००२) दुर्बिणीतून केलेली साफसफाई दिखाऊ शस्त्रक्रियेपेक्षा सरस ठरली नाही. रुग्ण बहुतांशी पुरुष, माजी सैनिक होते, म्हणून आक्षेप आले. २०१३मध्ये फिनलंडमधल्या चाचणीत झिजेमुळे फाटलेल्या मेनिस्कसबाबत तसाच निष्कर्ष निघाला. अपघाताने फाटलेल्या मेनिस्कसला किंवा अडकलेल्या गुडघ्याला तो लागू नाही, आणि अशी मर्यादा वाचायला शिकवणे हेही सीएमईचे काम आहे. ‘ही शस्त्रक्रिया कधी करू नये’ या विषयाला प्रायोजक मिळणे कठीण, एवढेच.

प्रायोजक वाईटच असतात असे नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९५८मध्ये स्थापन झालेल्या एओ गटाने १९६०पासून दावोसला घेतलेले अभ्यासक्रम उपकरणे हातात देऊन शिकवत, आणि अस्थिभंगाच्या शस्त्रक्रियेला शिस्त त्यांनीच लावली. पण अस्थिभंगासाठीच्या प्लेटला निर्माता असतो, पॉन्सेटीच्या प्लास्टरला जवळजवळ नाही. विषय निवडताना आयोजकांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

कार्यशाळेनंतर तीन महिन्यांनी अर्ध्या दिवसाचे दुसरे सत्र ठेवून निम्मे पॉइंट त्याच्यासाठी राखावेत. सहभागींनी आपल्या रुग्णांची छायाचित्रे, प्रत्येक प्लास्टरच्या वेळचा, विकृतीची तीव्रता मोजणारा पिरानी गुण, एकूण प्लास्टरे आणि ब्रेसची नोंद घेऊन यावे. सात-आठ प्लास्टरांनंतरही पाऊल हलत नसेल तर आधी तंत्र तपासावे. पाऊल आखूड व फुगीर, तळव्याला आडवी खोल घडी आणि अंगठा आखूड, वर उचललेला असेल, तर तो अवघड प्रकार समजून बाळ अनुभवी केंद्राकडे पाठवावे.