एका विहिरीवर मोटा किती?



जुलैअखेर माधवनगरच्या एका सेवा केंद्राबाहेर हातात सातबारा घेऊन ताटकळलेली माणसे पाहिली, की टंचाईतल्या टँकरची आठवण होते. आतून उत्तर एकच, ‘सर्व्हर डाऊन आहे.’ २०२३ साली पीकविमा एक रुपयात झाला, राज्यातून दीड कोटीहून जास्त अर्ज गेले आणि ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. पण मुदतवाढीवर भिस्त ठेवता येत नाही. अर्ज राहिला आणि पीक बुडाले, तर भरपाई कुठली?

सर्व्हर म्हणजे दूर कुठेतरी ठेवलेला ताकदवान संगणक. त्याला विहीर समजा. तिथवर गेलेली तार ही पाइपलाइन आणि तिची रुंदी म्हणजे बँडविड्थ. विहीर तुडुंब, पण पाइप दीड इंची, तर रान भिजत नाही. पाइप मोठा आणि विहिरीला झरे नाहीत, तरी तेच.

थोडा हिशेब करू. एका अर्जासोबत सातबारा, पासबुकाचे फोटो मिळून १ एमबी माल जातो असे धरा. तारेचे माप मात्र मेगाबिटांत असते. १ एमबी म्हणजे ८ मेगाबिट. सेकंदाला १०० मेगाबिट वाहणाऱ्या तारेतून तासाला फार तर ४५ हजार अर्ज जातील. त्याच तासात दोन लाख लोक आले, तर साडेचारशे मेगाबिटांची तार हवी. उपसा योजनेचे पंप आपण वर्षाच्या सरासरीवर बसवत नाही, ऐन उन्हाळ्यातली गरज पाहतो. इथेही मोजायचा तो शेवटचा दिवस.

एकाच सर्व्हरवर अनेक संकेतस्थळे नांदतात, ती चार भावांच्या सामाईक विहिरीसारखी. एकाचा ऊस, एकाची हळद, एकाचा हरभरा. पाळ्या वेगळ्या, म्हणून निभावते. सगळ्यांनी एकाच दुपारी मोटार चालू केली की फूटव्हॉल्व्ह उघडा पडलाच! विम्याचे पोर्टल साऱ्या देशाचे एकच आणि बऱ्याच राज्यांची खरीप मुदतही ३१ जुलैच. माझ्या मते तालुकावार पाळीपत्रक लावले, तर निम्मी गर्दी हटेल. केंद्रचालक पोरावर चिडून काय उपयोग? पाइप त्याच्या हातात नाही.

आपल्या हातात एवढे आहे: पेरणी आटोपली की त्याच आठवड्यात, शक्यतो सकाळी लवकर केंद्र गाठा. कागदांचे फोटो आटोपशीर ठेवा, पण गटनंबर वाचता आला पाहिजे. आणि पावती हातात पडेपर्यंत जागचे हलू नका.